नमुना क्रमांक दोनशे सतरा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नोंदणीबाईंच्या लक्षात आलं की आपली पिशवी ठिबकते आहे, आणि जे ठिबकतं आहे ती कॉफी आहे. थर्मासच्या झाकणातली रबराची चकती घरी ओट्यावरच राहिली असणार. चष्म्याचं घर, रुमाल, कंगवा, सगळ्यांना तपकिरी आंघोळ झाली होती. कॉफीची ऊब टिकावी म्हणून आणलेली नवऱ्याची लोकरी कानटोपी तेवढी वरच्या कप्प्यात असल्यामुळे वाचली होती.

एरवी त्यांनी "जाऊ दे" म्हणून थर्मास मोरीत उपडा केला असता. पण आजच्या कॉफीला संध्याकाळी पाचच्या आत एक काम करायचं होतं, आणि ते दुसऱ्या कशानेही होण्यासारखं नव्हतं.

नोंदणीबाई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. शहरातल्या टाक्यांचं, विहिरींचं पाणी तपकिरी काचेच्या बाटल्यांतून रोज सकाळी त्यांच्या खिडकीशी येई. कुठलं पाणी ते त्या वहीत लिहीत, आणि मग चिठ्ठ्यांच्या गुंडाळीतून एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या फाडून एक वहीत व एक बाटलीवर चिकटवत. पुढे रसायन विभाग आणि जंतू विभाग यांना फक्त क्रमांक दिसे. पाणी कुणाचं हे कळलं तर तपासणाऱ्याचा हात थरथरतो, असा त्यामागचा विचार होता. पाणी कुणाचं हे फक्त नोंदणीबाईंना ठाऊक असे. बावीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. प्रयोगशाळेचा दुसरा नियम असा की चिठ्ठी लागलेल्या बाटलीला नोंदणी विभागाच्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि अहवाल आल्याशिवाय ती टाकून द्यायची नाही. हा नियम मोठे साहेबसुद्धा पाळत.

रसायन विभागाच्या प्रमुखांना सगळे आम्लराव म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. जंतू विभागाच्या प्रमुखांना जंतूताई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडे. चौदा वर्षं ही दोघं आणि नोंदणीबाई रोज अकरा वाजता खिडकीजवळच्या टेबलावर कॉफी प्यायला बसत. आम्लराव कॉफी गाळत. तीही अशी की गाळणीतून पडणारे थेंब मोजले असते तरी चाललं असतं. जंतूताई दूध उकळून आणत, कारण दुसऱ्या कुणी उकळलेल्या दुधावर त्यांचा विश्वास नव्हता. नोंदणीबाई कप आणत आणि बातम्या आणत. वीस मिनिटांत सगळं कार्यालय नीट घडी करून ठेवल्यासारखं होई.

सात महिन्यांपूर्वी त्या टेबलावर एक प्रश्न निघाला. कॉफी जास्त वेळ गरम राहायची तर दूध आधी घालावं की नंतर?

"आधी," आम्लराव म्हणाले.

"नंतर," जंतूताई म्हणाल्या.

साधी माणसं इथे थांबली असती. ही दोघं आपापली तापमापकं घेऊन आली. दोन कप, दोन तापमापकं, दहा मिनिटं. दोघांच्या आकड्यांत दोन अंशांचा फरक पडला, आणि तो दोघांच्याही बाजूने पडला, म्हणजे ज्याने त्याने आपलाच कप जास्त गरम वाचला.

"तुमचं तापमापक चुकतंय," आम्लराव म्हणाले.

"तापमापक कशाला चुकेल? वाचणारा चुकतोय."

"जंतू विभागातली तापमापकं काखेत धरून ताप बघायला ठीक आहेत."

हे वाक्य आम्लराव बोलले ते नेमकं मोठे साहेब दारातून जात असताना. जंतूताईंनी कप खाली ठेवला तो ठेवलाच. त्या दिवसापासून टेबलावर रिकामी खोकी साठू लागली. दोन विभागांच्या दारांत अठरा पावलांचं अंतर होतं. ते आता दिवसातून तीस वेळा नोंदणीबाई चालत. "बाई, त्यांना सांगा, त्यांचा पंखा आमच्याकडे धूळ फेकतो." "अगं, त्यांना सांग, धूळ त्यांच्या डोक्यातली आहे." नोंदणीबाई मधल्या मधे वाक्यं धुऊन, वाळवून, इस्त्री करून पलीकडे देत. अकरा वाजले की त्यांचे पाय आपोआप टेबलाकडे वळत आणि खोकी बघून परत येत.

आणि काल जंतूताईंनी त्यांच्याकडे एक लिफाफा दिला होता. बदलीचा अर्ज. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वैयक्तिक. टपाल आज पाचला निघणार होतं.

रात्रभर नोंदणीबाई कूस बदलत राहिल्या. सकाळी त्या थर्मास शोधत असताना कॉफी सासूबाईंनी केली.

"एवढी कॉफी कुणाला गं?"

"ऑफिसात दोघांचं भांडण मिटवायचंय, आई."

"मग साखर जरा सढळ हातानं घालते," सासूबाई म्हणाल्या.

तर ती ही कॉफी. नोंदणीबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. या इमारतीत त्यांचा सर्वांत जास्त विश्वास कशावर असेल, तर तो नमुन्याच्या बाटलीवर. निर्जंतुक, जाड काचेची, उलटी केली तरी थेंब सांडणार नाही. त्यांनी एक नवी बाटली काढली आणि कॉफी तिच्यात ओतली. समोर त्या दिवशीच्या दहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. ओतताना शिंतोडे उडू नयेत म्हणून त्यांनी शेवटची बाटली बाजूला सरकवली होती. त्या मोकळ्या जागी कॉफीची बाटली ठेवली आणि पिशवी पुसायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, ती रबराची चकती इथे ओट्यावर आहे. तुला लागेल का?"

"आता लागून काय उपयोग, आई."

"मग टाकून देऊ?"

"नको, नको! ठेवा."

"कुठे ठेवू?"

हे बोलणं चार मिनिटं चाललं. चार मिनिटांत चकती साखरेच्या डब्यामागे गेली, तिथून पुढे आली आणि शेवटी खिळ्याला टांगली गेली. या वेळात नोंदणीबाईंचा फोन खांद्यात होता आणि हात मोकळे होते. मोकळ्या हातांनी बावीस वर्षं जे केलं तेच केलं: ओळीतल्या दहा बाटल्यांना दहा चिठ्ठ्या लावल्या. दोनशे आठपासून दोनशे सतरापर्यंत. मग त्यांनी बाजूला सरकवलेल्या, विनाचिठ्ठीच्या बाटलीवर वरून कानटोपी चढवली आणि टोपीसकट ती उचलून मोठ्या मायेने कपाटात ठेवली.

साडेनऊला शिपाईमामा आले, ओळ उचलून घेऊन गेले आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक नमुना अर्धा रसायनला, अर्धा जंतूला वाटून आले. मामांनी चोवीस वर्षांत नाल्यांचं पाणी पाहिलेलं होतं. रंगाचं त्यांना काही वाटत नसे. वासाचा तर प्रश्नच नव्हता. गेल्या हिवाळ्यातल्या पडशात त्यांचा वास गेला तो परत आला नव्हता.

अकराला पाच कमी असताना नोंदणीबाईंनी टेबलावरची खोकी हलवली, तीन कप मांडले. दोघांनाही त्यांनी सकाळीच चिठ्ठ्या पाठवल्या होत्या: "अकरा वाजता खिडकीजवळ या. महत्त्वाचं आहे." समोरासमोर आले की घोटभर तरी पितील, आणि घोट घेतला की सात महिन्यांचं कुलूप उघडेल, अशी त्यांची अटकळ होती. त्यांनी टोपी काढली, झाकण फिरवलं आणि पहिला कप भरला.

कपात पाणी होतं.

त्यांनी दुसरा भरला. पाणी. तिसराही भरला, तो का भरला हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. तिन्ही कपांत स्वच्छ, नितळ पाणी, आणि त्यात खिडकीच्या तावदानाचं प्रतिबिंब.

"मामा!"

मामा जवळच होते. "बाई, मी विचारणारच होतो," ते म्हणाले. "आज एक नमुना चांगला कढत होता. गरम पाण्याच्या झऱ्याचा का?"

"कितवा?"

"दोनशे सतरा."

नोंदणीबाईंनी वही उघडली. दोनशे सतरा: पूर्वेची टाकी. म्हणजे शहराच्या चौथ्या हिश्शाला पाणी पाजणारी टाकी. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरालाही. त्या टाकीच्या नावावर या घटकेला दोन विभागांत कॉफी तपासली जात होती, आणि टाकीचं पाणी इथे कपांत भरून पाहुण्यांची वाट बघत होतं.

त्या धावल्या. रसायनच्या दारावर लाल दिवा. जंतूच्या दारावर लाल दिवा. दिवा लागला की तपासणी चालू, आत कुणी जायचं नाही. आत निरोप द्यायचा तर लाल कागदावर लिहून दाराखालून सरकवायचा, असा नियम होता. नोंदणीबाईंनी दोन कागदांवर लिहिलं: "नमुना २१७ ताबडतोब थांबवा. कारण नंतर सांगते." दोन्ही दारांखालून सरकवले.

रसायनच्या आतून आवाज आला, "आता उशीर झाला, बाई!"

जंतूच्या आतून काहीच आवाज आला नाही. ते जास्त भयंकर होतं.

नोंदणीबाई अठरा पावलं इकडे, अठरा पावलं तिकडे, अशा फेऱ्या मारू लागल्या. सांगावं तर बावीस वर्षांच्या वहीवर डाग. न सांगावं तर आम्लराव कॉफीचा गढूळपणा मोजून टाकीच्या नावावर मांडणार. आणि खरं कारण कळलं की ते म्हणणार, "कॉफी? त्यांच्याबरोबर? मला फसवून?" मग अर्ज पाचला जाणारच.

या सगळ्यात त्यांना एक गोष्ट आठवली नाही. लाल कागदाखाली कार्बन असतो, त्यावर उमटलेली तिसरी प्रत मोठ्या साहेबांकडे जाते, आणि मामांनी ती नियमाप्रमाणे केव्हाच नेऊन दिली होती.

मोठे साहेब सावध गृहस्थ होते. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि ते त्यांना काहीही न घडता काढायचे होते. त्यांनी कागद वाचला. ताबडतोब. थांबवा. कारण नंतर. बावीस वर्षांत नोंदणीबाईंनी "ताबडतोब" हा शब्द कधी लिहिला नव्हता. ते स्वतः खिडकीशी आले, उघड्या वहीत दोनशे सतरावर बोट ठेवलं, ओळ वाचली आणि पांढरे पडले. नोंदणीबाई तेव्हा फेरीच्या पलीकडच्या टोकाला होत्या. त्या परत येईपर्यंत साहेबांनी पाणी खात्याला फोन करून पूर्वेची टाकी बंद करवली होती.

"साहेब, तसं काही..."

"बोलू नका! किती गंभीर आहे एवढंच सांगा."

"नाही हो साहेब, गंभीर नाही..."

"तुम्ही मला धीर देताय. म्हणजे फारच गंभीर आहे."

ते आपल्या खोलीत गेले आणि आतून त्यांनी एक ग्लास पाणी मागवलं. मग मागवलेलं पाणी तसंच परत पाठवलं.

फोन वाजला.

"अगं, नळ गेले," सासूबाई म्हणाल्या. "तुझे सासरे डोक्याला साबण लावून उभे आहेत. डोळे मिटून. कपडे वाळत घालायच्या काठीने न्हाणीघराचं दार बडवताहेत. तुझ्या ऑफिसाकडून काही कळतंय का, पाणी कधी येईल?"

"येईल, आई. येईलच."

"म्हणताहेत, कुणाचा तरी गाढवपणा आहे."

"त्यांना म्हणावं, बरोबर आहे."

नोंदणीबाईंनी फोन ठेवला. करायला गेल्या भांडण मिटवायला आणि अर्ध्या गावाशी भांडण करून बसल्या. आता सांगण्यावाचून मार्ग नव्हता. त्या साहेबांच्या खोलीकडे निघाल्या, तोच मामा समोरून आले. हातात दोन अहवाल आणि दोन बाटल्या.

बाटल्या रिकाम्या होत्या. नुसत्या रिकाम्या नव्हत्या, विसळलेल्या होत्या.

नोंदणीबाईंनी आधी आम्लरावांचा अहवाल वाचला. अक्षर नेहमीसारखं टाचणीने टोचल्यासारखं.

"नमुना २१७. रंग: तपकिरी. तापमान: मिळाला तेव्हा ४८ अंश (माझ्या तापमापकाने). चव: नियमाप्रमाणे घेतली नाही. साखर: जरा जास्त. नमुना तपासणीत पूर्ण वापरला गेला. शेरा: वासावरून स्पष्ट आहे की दूध आधी घातलेलं आहे. पाठवणाऱ्या विभागाला सात महिन्यांनी हे पटलं आणि ते कबूल करायला त्यांनी अशी सभ्य रीत शोधली, याचा आनंद आहे. झालं गेलं विसरू या."

त्यांनी जंतूताईंचा अहवाल उघडला.

"नमुना २१७. जंतू: दिसले नाहीत, दूध नीट उकळलेलं. चव: नियमाप्रमाणे घेतली नाही, पण वेलदोडा चालला असता. नमुना शिल्लक नाही. शेरा: सायीच्या कणांवरून दूध नंतर घातल्याचं उघड दिसतं. तोंडाने चूक मान्य करणं काहींना जड जातं. त्यांनी बाटलीने केली, हेही थोडकं नाही. माझ्या मनात आता काही नाही."

दोघांनी पहिल्याच वासाला कॉफी ओळखली होती. दोघांना वाटलं होतं की ती समोरच्या दाराने पाठवली आहे. आणि दोन्ही तज्ज्ञांनी, आपापल्या खोलीत, दार लावून, एकाच बाटलीवरून सिद्ध केलं होतं की हार दुसऱ्याने मानली.

हे दोन कागद एकमेकांना दिसले असते, तर सात महिन्यांची सात वर्षं झाली असती. नोंदणीबाईंनी ते घडी करून कानटोपीत घातले आणि टोपी काखेत धरून साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, दोनशे सतरा म्हणजे कॉफी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. थर्मास, चकती, फोन, हात, टोपी. न थांबता, क्रमाने, वेळांसकट. दोन अहवालांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. सांगून झाल्यावर त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि बावीस वर्षांच्या वहीचा निकाल ऐकायला तयार झाल्या.

साहेबांनी टेबलावरचा लाल कागद उलटा करून ठेवला.

"म्हणजे टाकी ठीक आहे?"

"टाकीचं पाणी तीन कपांत आणि एका बाटलीत आहे, साहेब. दिसायला तरी छान आहे."

"आणि कॉफी?"

"ती त्यांनी... तपासणीत संपली."

"सगळी?"

"सगळी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "चौदा वर्षं," ते म्हणाले, "माझ्या भिंतीपलीकडे तुमचं ते टेबल होतं. रोज अकराला हसण्याचे आवाज यायचे. मी इथे फायली बघत बसायचो. चौदा वर्षांत एकानं तरी म्हणावं, साहेब, या, घोटभर घ्या? नाही. आज पुन्हा कॉफी आली, तर ती दोन विभागांना गेली, अर्धी अर्धी. मला काय आलं? टाकी!"

"साहेब, आम्हाला वाटायचं तुम्ही पीत नाही."

"विचारलं कुणी?"

साहेबांनी खाकरून घेतलं आणि पुन्हा साहेब झाले. "टाकीचा ताजा नमुना मागवा. झटपट चाचणी करा. टाकी उघडायच्या आदेशावर दोघांच्या सह्या लागतील, एका कागदावर, माझ्यासमोर. आणि वहीत खरं तेच लिहा. पण थोडं लिहा."

नोंदणीबाईंनी वहीत बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड केली. दोनशे सतरासमोरची "पूर्वेची टाकी" एका रेघेने खोडली आणि पुढे लिहिलं: "नमुना वापरून संपला." टाकीच्या ताज्या पाण्याला दोनशे अठरा क्रमांक दिला. तो देताना फोन दोनदा वाजला. त्यांनी हात पाठीमागे धरून तो वाजू दिला.

पाणी निर्दोष निघालं. दोन वाजता खिडकीजवळच्या टेबलावर आदेशाचा कागद ठेवला गेला आणि दोन दारं उघडली. आम्लराव एका बाजूने आले, जंतूताई दुसऱ्या. साहेब मधे. नोंदणीबाई काखेतली टोपी घट्ट धरून. सात महिन्यांत ही दोघं प्रथमच इतक्या जवळ उभी होती. आता एकाने जरी "दूध" हा शब्द काढला असता, तरी संपलं असतं.

आम्लरावांनी सही केली आणि पेन पुढे केलं. "मिळाली," ते म्हणाले.

"मलाही मिळाली," जंतूताई म्हणाल्या.

"चांगली होती."

"चांगलीच होती."

नोंदणीबाईंनी टोपी दुसऱ्या काखेत घेतली.

"मोठं मन लागतं त्याला," आम्लराव जंतूताईंकडे कौतुकाने बघत म्हणाले.

"लागतं ना," जंतूताईही तितक्याच कौतुकाने म्हणाल्या. "मला तर वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं!"

दोघं समाधानाने हसली. प्रत्येकाने दुसऱ्याला उदार अंतःकरणाने माफ केलं आणि दोघं आपापल्या खोलीत गेली.

पाचला दहा कमी असताना जंतूताई नोंदणीच्या खिडकीशी आल्या. उगाचच टाचण्यांची डबी उघडून बघितली.

"अगं, तो माझा कालचा लिफाफा... टपाल गेलं का?"

"अजून नाही, ताई."

"दे बरं इकडे. तारीख चुकली वाटतं त्यात."

"दुसरी तारीख घालून देता का? थांबवते टपाल."

"आता काय घाईय," म्हणत जंतूताईंनी लिफाफा पर्समध्ये टाकला आणि निघाल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "उद्या अकराला दूध मी आणते हं. तुझ्या हातचं उकळलेलं असेल नसेल."

घरी गेल्यावर सासऱ्यांचं डोकं स्वच्छ झालेलं होतं, पण डोळे लाल होते. नोंदणीबाई त्यांच्या समोरून जरा लगबगीने गेल्या.

"कशी झाली होती कॉफी?" सासूबाईंनी विचारलं.

"छान. आई, एक सांगा. दूध आधी घातलंत की नंतर?"

"दूध कुठलं गं! दूध सकाळी नासलं. भुकटी घातली डब्यातली. कॉफी, भुकटी, साखर, सगळं एकत्र कालवलं आणि वरून पाणी ओतलं. का? कुणी ओळखलं का काय?"

"नाही," नोंदणीबाई म्हणाल्या. "कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टेबलावर चार कप होते. आम्लरावांनी कॉफी गाळली. जंतूताईंनी उकळलेलं दूध एका बाटलीतून आणलं. साहेब अकराला सात कमी असतानाच येऊन बसले होते आणि घड्याळाकडे बघत नसल्याचं दाखवत होते.

"आज दूध नंतर घालू या," आम्लराव जंतूताईंना म्हणाले. जो जिंकला आहे त्याने नमतं घ्यावं, असा त्यांचा विचार दिसला. "तुमच्या पद्धतीने."

"छे छे," जंतूताई म्हणाल्या. "आधी घाला. तुमच्या पद्धतीने."

"अहो, असं कसं? तुमचंही काही अगदीच चूक नव्हतं."

"तुमचंही नव्हतं. घाला आधी."

"मी नंतरच घालणार."

"मी म्हणतेय ना, आधी!"

"कुणी इतकं मनाने देत असेल तर घ्यावं माणसानं!"

"देणारे तुम्ही कोण?"

साहेबांचा कप हातात होता, रिकामा. त्यांनी एकदा आम्लरावांकडे, एकदा जंतूताईंकडे, आणि मग फार केविलवाणेपणाने नोंदणीबाईंकडे पाहिलं. कॉफीवरची वाफ विरळ होत चालली होती. आम्लरावांचा हात खिशातल्या तापमापकाकडे गेला.

नोंदणीबाई उठल्या. खिडकीपाशी जाऊन त्यांनी गुंडाळीतून एक चिठ्ठी फाडली, परत आल्या आणि ती दुधाच्या बाटलीवर चिकटवून अंगठ्याने नीट दाबली. नमुना क्रमांक दोनशे एकतीस.

चिठ्ठी लागलेल्या बाटलीला नोंदणी विभागाच्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. हात मागे घेतले गेले. तापमापक खिशात परत गेलं.

मग नोंदणीबाईंनी चारही कप, कॉफीचं भांडं आणि दुधाची बाटली आपल्याकडे ओढली, तिघांकडे पूर्ण पाठ केली, आणि दूध घातलं.